गाडी रात्री कुठे झोपणार?

आत्या गाडी घेणार ही बातमी चाळीत पसरली, तोवर तिच्याकडे सहा लाख रुपये आहेत ही बातमी पसरून शिळीही झाली होती. गिरगावच्या फणसवाडीतल्या जुन्या चाळींत पैशाची गोष्ट भिंतीआड राहत नाही. निम्म्या भिंती लाकडी फळ्यांच्याच आहेत.

तशी ती एकाच भाच्याची सख्खी आत्या. बाकी तिन्ही मजले तिला आत्या म्हणायचे ते तिच्या हातच्या पुरणपोळीमुळे. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचं पोळीभाजी केंद्र होतं. श्रावण लागला की दिवाळीची भाऊबीज होईपर्यंत तिला मान वर करायला फुरसत नसे. मशीद बंदरहून सुका मेवा आणि गूळ, दादरहून फुलं आणि केळीची पानं, आणि तयार माल परळ, लालबाग, वाळकेश्वर असा पोचवायचा. सगळं टॅक्सीने. तेलाचे डबे आणि मोदकांचे टोप दिसले की टॅक्सीवाला नुसती मान हलवून पुढे जायचा. गुडघे बोलायला लागल्यावर आत्याने ठरवलं, आता आपली गाडी हवी. कर्ज काढायचं नाही आणि गंठण मोडायचं नाही, या दोन अटी तिने स्वतःलाच घातल्या होत्या.

भाचा चिराबाजारात एका सराफाकडे हिशेब लिहायचा. विजेच्या गाड्या त्याला तोंडपाठ. २०२५ चा दसरा तोंडावर होता. २२ सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, विजेच्या गाड्यांवर तो आधीपासूनच ५ टक्के. म्हणजे पेट्रोल आणि वीज यांच्या किमतीतलं अंतर वाढलं होतं, आणि चाळीतला प्रत्येक जण आत्याला पेट्रोलचीच घे म्हणून सांगत होता. भाचा मात्र अडून बसला.

"आत्या, तुझी गाडी दिवसभर सिग्नलला थांबणार. पेट्रोलची गाडी उभ्या उभ्या पितेच. विजेची नाही पीत. वर आपल्या सरकारने अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोल माफ केलाय, ऑगस्टपासून."

"अटल सेतूवरून मोदक कुणाला पोचवायचेत मला?" आत्या म्हणाली. पण ऐकून घेतलं तिने.

भाच्याने वहीत लिहून दिलं ते असं. टाटांची टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२ मध्ये आली तेव्हा ८.४९ लाखांपासून होती, फेब्रुवारी २०२४ मध्ये ७.९९ लाखांवर उतरली. एमजीची कॉमेट त्याहून चिमुकली, तीन मीटरच्या आत बसणारी, दोन दारांची. ती एप्रिल २०२३ मध्ये ७.९८ लाखांना आली आणि तीही २०२४ मध्ये सात लाखांच्या आत आली. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये कॉमेटची नवी तऱ्हा निघाली. गाडी ४.९९ लाखांना विकत, बॅटरी मात्र भाड्याने, किलोमीटरला अडीच रुपये.

सहा लाखांत बसणारं एवढं एकच होतं, त्यामुळे भाच्याने त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. आत्याने चष्मा लावून त्या रेघांकडे पाहिलं.

"भाड्याच्या खोलीत जन्म गेला, आता गाडीतही भाडेकरू व्हायचं? आणि गाडी महिनाभर उभीच राहिली तर? किमान किलोमीटरचं भाडं बांधून घेतात का?"

भाच्याला ते ठाऊक नव्हतं. शोरूममधला मुलगा म्हणाला, करारनामा बघावा लागेल. ज्याला महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर तुडवायचे आहेत त्याला ही योजना चांगली असेलही. आत्याने मात्र टॅक्सीच्या चिठ्ठ्या महिनाभर पिठाच्या डब्यात जमवल्या होत्या. बेरीज केली. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर, महिन्याला साडेसातशे. लांबात लांब फेरी लेकीकडे बोरिवलीला, जाऊन-येऊन सत्तर.

त्या चिठ्ठ्यांकडे चाळीने मात्र बघितलंसुद्धा नाही. चाळीचा प्रश्न एकच. "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" टियागोची लहान बॅटरी १९.२ युनिटची, कागदावर २५० किलोमीटर. कॉमेटची १७.३ युनिटची, कागदावर २३०. रस्त्यावर, एसी लावून, मुंबईच्या गर्दीत, यातले दोन तृतीयांश धरून चालावं. आकडा ऐकला की ऐकणाऱ्याचं तोंड उतरायचं. "म्हणजे गावाला एका दमात नाही जाणार!" गिरगावातल्या कोकणी माणसाला गाडी विकायची असेल तर ती गणपतीला कशेडी घाट चढून दाखवली पाहिजे. बाकीचे तीनशे साठ दिवस ती काय करणार हे कुणी विचारत नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतले साहेब तर या प्रश्नावर गाडी घेऊनच मोकळे झाले. दिवाळीच्या पाडव्याला ४५ युनिटच्या बॅटरीची मोठी गाडी, सात वर्षांचं कर्ज. चाळीने ओवाळलं, फटाके लावले. साहेब आत्याला म्हणाले, "आत्या, घ्यायची तर अशी घ्या. गावाला एका दमात."

"साहेब, तुमची गाडी रात्री कुठे झोपणार?" आत्याने विचारलं. शोरूममध्येही तिने हेच विचारलं होतं आणि तिथला मुलगा हसला होता.

साहेबही हसले. त्यांनी तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून पिवळी वायर चौकात सोडली, तिच्या टोकाला एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात गाडीचा चार्जर. चार्जरच्या डबीवर लाल दिवा लागला. पुन्हा लावला, पुन्हा लाल. साहेबांनी शोरूमला फोन केला. तिकडून एकच सवाल आला, घराला अर्थिंग आहे का?

अर्थिंग त्या चाळीला नव्हतंच. वीज बेस्टची, मीटर प्रत्येकाचा वेगळा, पण आतलं वायरिंग आजोबांच्या काळचं, लाकडी पट्टीतून गेलेलं, दोन तारांचं. तिसरी तार कुणी ओढलीच नव्हती. प्लगला भोकं तीन, त्यातलं वरचं मोठं भोक नुसतं शोभेचं. म्हणून तर चाळीतल्या मुलांना बोलता येऊ लागण्याआधी एक गोष्ट कळायची. चप्पल घातल्याशिवाय फ्रिजला हात लावायचा नाही. पाण्याच्या पंपाला तर ओल्या हाताने बोटही लावायचं नाही. झिणझिण्या येतात. येतातच. चाळीस वर्षं येत होत्या, आणि त्या बायकांच्या अंगवळणी पडल्या होत्या.

चाळीत एक हुशार माणूस असतोच. तो म्हणाला, "त्यात काय! न्यूट्रलची तार प्लगमध्येच अर्थच्या पिनेला फिरवून देतो. दिवा हिरवा." साहेबांचा जीव जवळजवळ तयार झाला होता. पण आत्याने ठाकूरद्वारहून तिचा जुना वायरमन बोलावला.

वायरमन साठीचा, बोटांना टेपचा गोंद कायमचा चिकटलेला. त्याने खिशातून टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे होल्डरात साधा बल्ब आणि त्याला दोन उघडी टोकं. फेज आणि न्यूट्रलमध्ये टोकं लावली, बल्ब लख्ख पेटला. फेज आणि वरच्या भोकात लावली. काही नाही. तिसऱ्या खोलीत, सातव्या खोलीत, पंपाच्या पाटीवर, सगळीकडे तेच. मग तो हुशार माणसाकडे वळला.

"साहेब, तुमचा जुगाड केला की दिवा हिरवा लागेल, खरं आहे. पण उद्या वर कुठे न्यूट्रल तुटला, तर तोच करंट गाडीच्या पत्र्यावर येईल. पोरं दाराला हात लावून उभी असतील चौकात. गाडीची डबी लाल दिवा दाखवते ती आपल्याला वाचवायला. तुम्ही तिलाच फसवायला निघालात." मग आत्याला म्हणाला, "ताई, इथे खालच्या रस्त्याने ट्रॅम जायची ना, तिलासुद्धा वरची तार एकच. परतीची वाट रुळांतून. परतीची वाट नसेल तर विजेचं काही खरं नाही."

मुंबईत विजेची ट्रॅम १९०७ ला सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ ला थांबली, म्हणजे हा वायरमन तेव्हा जन्मलेलाही नसेल. पण त्याच्या उस्तादाने त्याला असंच शिकवलं असावं.

खर्च विचारला. जमिनीत खड्डा घेऊन अर्थिंग, तिथून मीटरच्या खोलीपर्यंत पट्टी, आत्याच्या नावावर जास्त लोडचा वेगळा मीटर, जाड वायर, १६ अँपिअरचा मजबूत सॉकेट, वर गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर. सगळं मिळून पन्नास-बावन्न हजार. वेगळ्या मीटरचा आग्रह आत्याचा. गाडीला महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट लागणार, ते घरच्या बिलात मिसळले की वरचा स्लॅब लागून पोळ्यांच्या शेगड्यासुद्धा महाग पडणार, हे तिने बोटांवर मोजून काढलं होतं. भाच्याच्या वहीत हा खर्च कुठेच नव्हता.

आत्याने चाळीची सभा बोलावली. खड्डा एकदाच घ्यायचाय, पट्टी एकदाच ओढायचीय, सगळ्यांनी थोडे थोडे घातले तर घरटी हजार-दीड हजारात काम होईल, मग ज्याने त्याने आपल्या खोलीत हिरवी तार नेली की झालं.

सभा छान रंगली. चहा झाला. आणि मग तो शब्द निघाला जो गिरगावात कुठल्याही कामावर पडदा टाकायला पुरेसा असतो.

"अहो आत्या, पुनर्विकास होणारच आहे ना! कशाला पैसे मातीत घालायचे?"

पुनर्विकास होणार हे चाळ वीस वर्षं ऐकत होती. या नावाखाली जिन्याची पायरी बदलायची राहिली होती, संडासाचं दार राहिलं होतं, मोरीचा नळ राहिला होता. घरमालकाचा गुमास्ता दोनदा नकाशा दाखवून गेला होता, त्यात बाविसाव्या मजल्यावर प्रत्येकाची खोली रंगवलेली. जो माणूस सर्वांत तावातावाने बोलत होता, त्याच्याच बायकोला आदल्या आठवड्यात पंपाचा झटका बसून कळशी पायावर पडली होती. त्याला ते आठवलं नाही, किंवा आठवलं तरी बाविसावा मजला जास्त जवळचा वाटला. माझं मत विचाराल तर टॉवरच्या स्वप्नाने मुंबईतल्या चाळींचं जेवढं नुकसान केलंय तेवढं पावसाने केलेलं नाही.

कुणी पैसा दिला नाही. भाचासुद्धा रुसला.

"आत्या, बावन्न हजार मातीत घातलेस तर नवी गाडी कशी येणार? आपलं बजेट ते केवढं! अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात."

"म्हणतात खरं. पण अंथरूण घालायला आधी जमीन तरी लागते ना रे?"

जागेचा प्रश्न उरलाच होता. चौकात मीटरच्या खोलीला लागून जी एकमेव धड जागा होती तिथे ताडपत्रीखाली ड्रायव्हरकाकांची पद्मिनी होती. काळी-पिवळी. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. काकांची त्याआधीच थांबली होती, पण भंगारवाला आला की ते दर वेळी भाव परवडत नाही म्हणून त्याला परत पाठवायचे. भाव परवडण्यासारखा होता हे सगळ्यांना माहीत होतं.

आत्या त्यांच्याकडे जागा मागायला गेली नाही. सल्ला मागायला गेली. काकांनी चिठ्ठ्यांची वही पाहिली. चाळीतून ती नीट पाहणारे ते पहिलेच.

"वहिनी, पस्तीस वर्षं टॅक्सी चालवली. गाडी चालून महाग पडत नाही, उभी राहून पडते. रोजची तीस किलोमीटर आहेत ना? मग मोठी बॅटरी कशाला ओढत फिरायची? तिचंही वजन असतं, तिचंही व्याज असतं. लहान घ्या, जुनी घ्या. फक्त तिची बॅटरी तपासून घ्या." मग थोडं थांबून म्हणाले, "चालवणार कोण पण?"

"तोच तर प्रश्न आहे," आत्या म्हणाली.

आठ दिवसांनी ताडपत्री निघाली. काकांनी मीटर, तो पितळी झेंड्याचा, स्वतःच्या हाताने सोडवून घेतला आणि बाकी गाडी भंगारवाल्याला दिली. जागेच्या बदल्यात रोजची ड्रायव्हरकी, पगार ठरवून. दोघांनी व्यवहार केला. उपकार कुणी कुणावर केले नाहीत.

खड्डा चौकातल्या बुजवलेल्या विहिरीलगत घेतला. वायरमन म्हणाला, इथली माती बारा महिने ओली, अर्थिंगला याहून चांगली जागा नाही. दहा फूट खाली पाइप गेला, भोवती कोळसा आणि मीठ थरांनी भरलं. गल्लीतली पोरं मिठाच्या गोणी बघून हसत होती की आत्या जमिनीचं लोणचं घालतेय. गुमास्ता बघायला आला, तोंड वाकडं करून उभा राहिला, पण मालकाला एक पैचा खर्च नाही म्हटल्यावर त्याने कागदावर सही दिली. पट्टी जोडल्यावर वायरमनने पुन्हा बल्ब काढला. फेज आणि वरच्या भोकात टोकं लावली. बल्ब पेटला, लख्ख.

वायरमनने जाता जाता, वेगळे पैसे न घेता, एक तार पंपाच्या पाटीलाही जोडून दिली.

गाडी मिळायला मात्र वेळ लागला. आत्याने तीन नाकारल्या. एकीचा मालक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बॅटरी तपासून द्यायला तयार होईना, तेव्हा ती चहासुद्धा न घेता उठली. दुसरी रोज फास्ट चार्जरवर चार्ज होणारी भाड्याची निघाली. तिसरीचे टायर काकांनी हात फिरवून बाद केले. चौथी २०२३ ची टियागो, १९.२ युनिटची, एका शिक्षिकेची, तेवीस हजार किलोमीटर चाललेली. बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, म्हणजे अजून बरीच शिल्लक, आणि ती नव्या नावावर चढते ना हे आत्याने लिहून घेतलं. सौदा ५ लाख १५ हजारांना पटला. विमा आणि नाव बदलून होईपर्यंत सहा लाखांतले पंधराएक हजार उरले, त्यातून तिने मागच्या सीटवर टोप ठेवायला फळी बसवून घेतली.

गुढीपाडव्याला, शोभायात्रेचे ढोल संपल्यावर, गाडी चौकात आली. रात्री अकराला काकांनी चार्जर लावला. डबीवर हिरवा दिवा. सकाळी सहाला गाडी भरलेली, सातला दादर. आता त्यांचा क्रमच तो. आठवड्यातून दोन-तीनदा चार्जिंग, माल जास्त असला तर सागरी रस्त्याने वरळीकडून, नाहीतर आतून. गणपतीला गावी कसं जाणार असं कुणी विचारलंच तर आत्या सांगते, कोकणकन्येचं तिकीट काढून. गणपतीत तिला मुळात मोदकांतून उठता येत नाही, हे चाळीला ठाऊक आहेच.

साहेबांची मोठी गाडी मधल्या काळात पे-अँड-पार्कमध्ये उभी राहायची आणि रविवारी लोअर परळला एका मॉलच्या तळघरात चार्ज व्हायची, घरच्या जवळजवळ दुप्पट दराने, दीड तास खुर्चीत बसून. वाईट गाडी नव्हती ती. होळीला ते गावाला एका दमात गेलेही, आणि खरंच मजेत गेले. एप्रिलमध्ये ते खाली आले आणि आत्याला म्हणाले, आठवड्यातून दोन रात्री तुमचा सॉकेट मिळेल का? आत्याने युनिटचा दर सांगितला, वर झिजेचे थोडे. त्यांनी घासाघीस केली. आत्या म्हणाली, मॉलमध्ये करता का घासाघीस? साहेबांनी पैसे दिले.

पण चाळीला खरी गोष्ट कळली ती गाडीमुळे नाही, पंपामुळे. कळशी पायावर पडलेल्या त्या बाईने एके दिवशी सवयीने पंपाला चिंधीने हात लावला, मग नुसत्या बोटाने, मग ओल्या हाताने. काही नाही. तिने शेजारणीला बोलावलं. दुपारपर्यंत तिन्ही मजल्यांच्या बायका एकेक करून पंपाला हात लावून गेल्या.

संध्याकाळी तिचा नवरा, तोच, बाविसाव्या मजल्याचा, आत्याच्या दारात आला.

"आत्या, ती हिरवी तार आमच्या खोलीत कधी मिळेल?"

"पुनर्विकास होतोय ना?"

"होईल हो तो. पण फ्रिजला अजून झिणझिण्या येतात."

आत्याने पोळ्यांची वही उलटी करून शेवटचं पान उघडलं. तिथे दुपारपासून नावं चढत होती, समोर प्रत्येकी दीड हजार. वायरमन आठवड्याला दोनच खोल्या करतो म्हणाला होता.

"तेविसावा नंबर तुमचा," आत्या म्हणाली. "तोवर चपला घालत जा."